देऊळ नवं करा, पण आधी एक रविवार द्या

सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांना, यात्रा कमिट्यांना आणि वर्गणी पाठवणाऱ्या मुंबईकर मंडळांना,

स. न. वि. वि.

पत्र लिहिणारा कुणी अधिकारी नाही की प्राध्यापक नाही. मी एसटीत कंडक्टर होतो, सातारा विभागात. निवृत्त झालो आणि इतिहासाचा नाद असलेल्या माणसांच्या एका लहानशा मंडळात शिरलो. मंडळ म्हणजे तरी काय, दोन मास्तर, एक औषध दुकानदार, कॉलेजातली पाच-सहा पोरंपोरी आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा. अण्णांना मोडी अशी येते की तुम्ही-आम्ही वर्तमानपत्र वाचावं तशी ते वाचतात. आम्ही रविवारी सकाळी डबे घेऊन निघतो, कुठल्या तरी गावातलं देऊळ, विहीर, पार, वीरगळी (झुंजीत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) बघतो, मापं घेतो, फोटो काढतो, वहीत लिहितो. ती वही सांभाळायचं काम माझ्याकडे. कंडक्टरला दुसरं काय जमणार?

हा नाद कसा लागला ते आधी सांगतो, म्हणजे पत्र का लिहितोय ते कळेल.

मुक्कामाची गाडी तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेली आहे. रात्री शेवटच्या गावात जायची आणि पहाटे तिथूनच सुटायची. ड्रायव्हर गाडीतच अंथरूण टाकायचा. मी देवळात झोपायचो, कारण मला गाडीतला डिझेलचा वास सोसत नसे. माण तालुक्यातल्या एका गावात मी असे कितीतरी मुक्काम केले. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांनी मला जेवू घातलेलं आहे. काळ्या दगडाचं बुटकं देऊळ होतं, चार कोरीव खांब आणि पुढे दोन पायऱ्या. एका रात्री वीज गेली होती. बॅटरी पायरीवर आडवी ठेवून मी वेबिल भरत बसलो होतो. उजेड दगडावरून सरपटत गेला आणि पायरीवर अक्षरं उठली. त्या पायरीवर मी शंभर वेळा पाय दिला असेल. दिवसा तिथे काही नव्हतं.

‘श्री’ कळलं. पुढे ‘सके’ असावं असं वाटलं. मग आकडे, मग दोन ओळी झिजलेल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हिशेबात एक तिकीट जुळत नाही. मी बॅटरी उचलली, हिशेब पुरा केला आणि झोपलो. हातात पेन होतं, पुढ्यात कागद होता. उतरवून घेतलं नाही.

मंडळात आल्यावर ती पायरी आठवली. तीन मोटारसायकलींवर सहा जण गेलो. देऊळ नवं झालेलं. सिमेंटचा सभामंडप, गुळगुळीत फरशी, स्टीलचा कठडा, शिखराला पाच रंग. समितीच्या अध्यक्षांनी अगत्यानं बसवलं, चहा पाजला, प्रत्येकाला नारळ दिला. जुने दगड कुठे आहेत असं विचारलं तर त्यांनी आपल्याच पायाखाली बोट दाखवलं. “एक दगड वाया घालवला नाही. सगळे भरावात घेतले.” त्यांच्या बोलण्यात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. देवाचा दगड बाहेर कुणाच्या गोठ्याला जाऊ नये म्हणून त्यांनी तो देवाच्याच पायात घातला होता. त्यांना मी काय बोलणार? चार अक्षरं पाहिलेला आणि न लिहिता झोपलेला माणूस मीच.

तेव्हा हे पत्र रागानं लिहिलेलं नाही. जीर्णोद्धार करू नका असंही मी म्हणत नाही. देऊळ गळतं, मंडप पावसात यात्रेला पुरत नाही, जावळी-पाटणची पोरं मुंबईत माथाडीत घाम गाळून देवासाठी पैसे पाठवतात, आणि त्या पैशाचं काही तरी नजरेला दिसावं असं त्यांना वाटतं. यात चुकीचं काय आहे? मागणं एवढंच आहे की पहिला दगड हलवण्याआधी आम्हाला एक रविवार द्या.

एवढ्याशा ओळीनं काय बिघडतं, असं आम्हाला तोंडावर विचारतात. याचं उत्तर कराडकडे आहे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात (सातारा नव्हे, सतना) भारहुत नावाचं गाव आहे. तिथे इसवी सनाच्या आधीचा एक बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यासाठी लांबलांबच्या लोकांनी दानं दिली आणि आपली नावं दगडावर कोरून घेतली. त्यातली एक ओळ ‘करहाकट’ नगराच्या दानाची आहे. करहाकट म्हणजे आपलं कऱ्हाड, असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या संगमावर एक गाव होतं, आणि ते गाव एवढं नांदतं होतं की सगळ्या नगराच्या नावानं इतक्या दूर दान पाठवत होतं, हे एवढ्याशा ओळीवरून कळतं. आगाशिवाच्या डोंगरातली साठाहून जास्त बौद्ध लेणी कुणाच्या जिवावर कोरली गेली असतील, याचाही अंदाज येतो.

आता यातली गंमत बघा. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम हा इंग्रज पुरातत्त्व अधिकारी भारहुतला पोहोचला तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी स्तूपाच्या विटा आणि दगड घरांसाठी नेऊन बराचसा स्तूप संपवला होता. जे उरलं होतं त्यातलं बरंचसं त्यानं कलकत्त्याच्या संग्रहालयात हलवलं. कऱ्हाडची ओळ उरलेल्या दगडांत होती म्हणून वाचली. कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीत गेली असती तर ती ओळ हरवली हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. माणमधल्या माझ्या पायरीचं नेमकं हेच झालं. फरक इतकाच की तिच्या बाबतीत निदान एका माणसाला माहीत आहे.

कऱ्हाडचाच ताम्रपट घ्या. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण यानं शके ८८०, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये करहाट प्रदेशातलं एक गाव दान दिलं, त्याची ती सनद. तांब्याचे पत्रे आहेत, मोडीत घातले असते तर वजनावर गेले असते. लिंबची बारा मोटांची विहीर तर सगळ्यांना ठाऊक आहे, रविवारी तिथे फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते. शंभर फुटांहून खोल, अष्टकोनी, आत छोटा महाल. ती १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. जिल्ह्यातल्या किती विहिरींबद्दल असं नाव आणि साल सांगता येतं? बाकीच्या सगळ्या नुसत्या ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या’. पांडव आपल्या जिल्ह्यात कामाला फारच होते.

बरं, सगळ्याच दगडांवर अक्षरं नसतात. देवळाच्या बाजूला, पाराखाली, वेशीत जे कोरीव दगड उभे किंवा पडलेले असतात, त्यांतले बहुतेक वीरगळ असतात. त्या मुक्या असल्या तरी बोलतात. खालच्या चौकटीत लढाई असते, किंवा गाई असतात आणि त्या हाकून नेणाऱ्यांशी झुंजणारा गडी असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहो. गाईगुरांसाठी मेलेला माणूस. नाव नसलं तरी तो तुमच्याच गावाचा आहे. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. चंद्र-सूर्य, खाली मजकूर आणि त्याखाली गाढव दिसलं तर पोराबाळांना दाखवायला लाजू नका. तो गधेगाळ आहे. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याला दिलेली ती शिवी आहे, दगडावर कोरलेली. आजच्या सातबाऱ्यावर अशी सोय असती तर तलाठ्याचं निम्मं काम हलकं झालं असतं, असं आमचे अण्णा म्हणतात.

इथे आमच्या मंडळाची एक चूक कबूल करतो. खटाव तालुक्यात ओढ्याकाठी आम्हाला एक सुंदर वीरगळ ‘सापडली’. आम्ही टेप लावून फोटो काढला, ‘अज्ञात वीरगळीचा शोध’ अशी बातमी दिली. पुढच्या खेपेला गेलो तर एका म्हातारीनं गाठलं. “सापडायला ती हरवली कधी व्हती? माझ्या सासूच्या सासूपासनं तिला निवद हाय.” त्या दिवसापासून आमच्या वहीत ‘शोध’ हा शब्द बंद आहे, ‘नोंद’ असं लिहितो. म्हातारीचं म्हणणंही लिहितो. गाव त्या दगडाला काय म्हणतं, निवद कुठल्या दिवशी, कुणाच्या घरून येतो, हे आधी आम्ही सोडून देत होतो. ते किती महत्त्वाचं आहे हे आम्हाला तिनं शिकवलं. आमच्यात एक उत्साही गडीही आहे, त्याला कुठलाही खड्डा सातवाहनकालीन दिसतो. त्यालाही आम्ही वहीपासून चार हात लांब ठेवतो.

आता थोडं कामाचं. कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला तीन गोष्टी सुचवील.

पहिली, ऑइलपेंट. काळा पाषाण जमिनीतली ओल वर ओढतो आणि हवेत सोडतो. रंगानं त्याचं अंग बुजलं की ओल आत अडकते आणि काही पावसाळ्यांनी रंगाचे पोपडे निघताना दगडाचा कपचाही घेऊन येतात. दुसरी गोष्ट याहून वाईट. रंग खराब दिसायला लागला की सँडब्लास्टिंग करू म्हणतात. हवेच्या दाबानं वाळू मारली की दगड एका दिवसात नवा दिसतो, हे खरं. पण त्या वाळूला रंग कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला हे कळत नाही. मूर्तीची बोटं, नाकाचा शेंडा, दागिन्यांचे मणी आणि झिजलेली अक्षरं यांची उंची असते ती किती? तांदळाच्या दाण्याएवढी. ती आधी जातात. आमच्या वहीत अशा एका देवळाचे आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत. आधीच्या फोटोत मंडपातल्या खांबावरची नर्तकी हसते आहे. नंतरच्या फोटोत तिला तोंडच नाही. रंग काढायचाच असेल तर जाणकारांकडून रसायनाचा लेप लावून, मऊ ब्रशनं काढता येतो. वेळ लागतो, तो लागू द्या.

तिसरी गोष्ट सिमेंट. यादवकाळातली आणि त्याआधीची पुष्कळ देवळं बिनचुन्याची आहेत. दगडात खाच आणि कूस काढून एकात एक बसवलेली. (या सगळ्यांना आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री १३ व्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. ही रीत त्याच्याही आधीची, पण नाव त्याला मिळालं.) असं बांधकाम थोडं हलतं, आणि हलतं म्हणून टिकतं. त्याच्या सांध्यांत सिमेंट कोंबलं की ते दगडाहून कडक होऊन बसतं, पाणी सांध्याऐवजी दगडातून वाट काढतं, आणि सिमेंटमधले क्षार दगडाला लागतात. पेशवाईतल्या चुन्याच्या देवळांना चुनाच लागतो. किल्ल्यांवर चुन्याचे घाणे आणि दगडी चाकं अजून पडलेली आहेत. चुना, वाळू, गूळ, बेलफळ, हिरडा असं मळून जे व्हायचं त्यानं दोनशे-अडीचशे वर्षं पाणी अडवलं आहे. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आज कमी आहेत, पण आहेत. विचारलं तर पत्ते काढून देऊ.

मग आम्हाला आधी बोलवत का नाहीत? आम्ही गावात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, “सोनं घावलं का?” दगडाखाली हंडा असतो ही समजूत इतकी पक्की आहे की अमावास्येच्या रात्री नंदी उलथवून खणणारे लोक अजून निघतात. कित्येक वीरगळी अशाच फुटल्या. आम्ही खणत नाही. खणायचा अधिकार आम्हाला नाही, तुम्हालाही नाही. आणि पायाचं काम करताना खरंच नाणी-दागिने निघाले तर १८७८ सालच्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही. दहा रुपये तेव्हाचे आहेत, कायद्यातला आकडा मात्र तोच.

दुसरी भीती पुरातत्त्व खात्याची. “ते आले की खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.” केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीनं, हा नियम खरा आहे. पण तो त्या यादीतल्या वास्तूंना. राज्याचा १९६० चा कायदाही त्याच्या यादीतल्या वास्तूंना लागू. तुमच्या गावातलं देऊळ बहुधा कुठल्याच यादीत नाही. आम्ही वहीत लिहिलं म्हणून ते यादीत जात नाही, त्याला सरकारची अधिसूचना लागते. म्हणजे तुमचा हात धरायला कायदा नाही, आणि म्हणूनच मी हे पत्र खात्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. नोंदीचा उलट तुम्हालाच फायदा. उद्या मूर्ती चोरीला गेली तर पोलीस पहिल्यांदा फोटो मागतात. ती आपली होती हे मापांनिशी दाखवता आलं नाही, तर कुठल्या तरी गोदामात सापडलेली मूर्ती परत कशी मागणार?

तिसरी भीती कुणी बोलून दाखवत नाही. जुन्या लेखातून, जुन्या कागदातून कुणाचा मान निघेल, कुणाचं वतन निघेल, भावकीत नवं भांडण उभं राहील. ही भीती खोटी नाही. म्हणून घरातला कागद कुणी दाखवला तर तो घरातच वाचायचा, घरच्यांनी हो म्हटलं तरच नोंद करायची, असा आमचा नेम आहे. वाईत हाती आलेल्या कागदांतून वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळातली पत्रं आपल्याला वाचायला मिळाली. द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला मोठा संग्रह १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो नीट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण साताऱ्याच्या पोरानं साताऱ्याचा कागद बघायला पुण्याची गाडी पकडावी, हे तिकीट फाडणाऱ्या माणसालासुद्धा जरा लागतं. कागद निदान गाडीत बसून जाऊ शकले. पायातल्या दगडाला तीही सोय नाही.

आता रविवारी आम्ही काय करतो ते सांगतो, म्हणजे धास्ती राहणार नाही. देवळाभोवती एक फेरी मारून प्रत्येक कोरीव दगडाला खडूनं नव्हे, शेजारी कागदाची चिठ्ठी ठेवून नंबर देतो. मग फोटो, मापं, आणि तो कुठे, कुठल्या तोंडानं उभा होता याचा नकाशा. लेख असेल तर साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धूळ काढतो. पातळ कागद ओला करून त्यावर बसवतो, ब्रशनं ठोकून अक्षरांत दाबतो, अर्धवट वाळला की शाईची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवतो. अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं. दगडाला शाई लागत नाही. शेंदराला आम्ही हात लावत नाही, तो गावाचा आहे. लेखात पीठ किंवा चुना भरून वाचायची जुनी खोड आहे, ती आम्ही सोडली. तुमच्यापैकी कुणी करत असेल तर त्यानंही सोडावी. संध्याकाळी वहीची एक प्रत समितीकडे देतो आणि मगच निघतो.

काम सुरू झाल्यावर जे दगड नव्या देवळात बसणार नाहीत ते भरावात घालू नका, नदीत सोडू नका. मूर्ती भंगली म्हणून पूजेतून काढली हे समजतं, पण विसर्जन कशाला? कृष्णामाईच्या पोटात आधीच पुष्कळ आहे. पाराजवळ एक ओटा बांधा, वर पत्रा टाका, दगड भिंतीला टेकवून उभे करा, जमिनीत गाडू नका. कलशारोहणाच्या मांडवाला जेवढा खर्च होतो त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही. काही गावांनी हे केलंही आहे. तिथे आता शाळेची सहल येते आणि गावातलीच पोरं ‘हा गडी गाईसाठी मेला’ असं हात दाखवून सांगतात.

आम्हाला मानधन नको, सत्कार नको, शाल तर मुळीच नको, घरी कपाट भरलंय. एक शिडी, दोन बादल्या पाणी आणि गावातलं वयानं सगळ्यात मोठं माणूस, एवढं हजर ठेवा. जमलं तर आदल्या शनिवारी रात्रीच देवळात मुक्कामाला जागा द्या. मला देवळात झोपायची सवय आहे, आणि झिजलेली अक्षरं दिवसा दिसत नाहीत. बॅटरी मी आणीन. या वेळी वहीही आणीन.

जेसीबी सोमवारी लावा.

आपला,
एक निवृत्त वाहक, सातारा